इन्थाकाका नानला निघतात

आमच्या फ्रे गावाहून नानला जायला गाडीने दोन तास लागतात. मध्ये घाट आहे, तिथे कुणाला मळमळलं तर थोडे जास्त. इन्थाकाकांना अर्धं आयुष्य लागलं.

आणि गंमत म्हणजे, अख्ख्या जिल्ह्याला नानच्या गाडीत बसवलं ते याच माणसाने. आमच्या बसस्टँडवर ते पुकाऱ्याचं काम करायचे. "नान, नान, नान, सुटली, सुटली" असं ओरडत फिरायचे. गाडीचा ड्रायव्हर अजून जेवत असला तरी सुटलीच म्हणायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बखोटीला धरून आत चढवायचे. स्वतः कधी त्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला नाही. नानचा रस्ता त्यांना माहीत होता तो परत आलेल्या ड्रायव्हरांच्या तोंडून, आणि रस्ता बरा होता हे सांगायला कुठलाच ड्रायव्हर थांबत नाही. कुठे दरड पडली, कुठे ट्रक उलटला, कुठल्या वळणावर म्हैस आडवी आली, एवढंच सांगतात. त्यामुळे काकांच्या डोक्यात नानचा रस्ता म्हणजे इथून तिथवर नुसते अपघात. मध्ये डांबर म्हणून नाहीच.

मी नुई. त्यांच्या घरासमोर, गल्लीच्या तोंडाशी माझी कॉफीची टपरी आहे. काम सुटल्यापासून काका सकाळी माझ्या बाकावर येऊन बसतात, गोड कॉफीचा एक ग्लास घेतात आणि त्याच्या जोरावर दुपारपर्यंत जागा अडवतात. नानच्या प्रवासाची सगळी आखणी तिथेच झाली. म्हणून ही हकिकत सांगायचा हक्क माझा. बाक माझा आहे.

नानला जायचं होतं ते फोंगकाकूला, म्हणजे त्यांच्या बायकोला. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या जन्मसालाला एक जनावर असतं आणि प्रत्येक जनावराचा एक स्तूप असतो. जन्मात एकदा तरी आपल्या स्तूपापाशी जाऊन डोकं टेकून यायचं. वाघाचा स्तूप आमच्या फ्रेलाच आहे, चोहेच्या टेकडीवर. वाघामागून येतो ससा, आणि सशाचा स्तूप नानला, चेहेंगला. इन्थाकाका वाघाच्या सालचे. त्यांना आपल्या स्तूपाला जायला सायकल पुरते, आणि त्याचंही श्रेय ते स्वतःकडे घेतात. काकू सशाच्या सालची. लग्न ठरताना काकांच्या आईने आधी हेच विचारून घेतलं होतं. एका गुहेत दोन वाघ नांदत नाहीत, मला घरात वाघीण नको, असं त्या बाईचं रोखठोक म्हणणं. मुलगी ससा आहे म्हटल्यावर सुपारी फुटली.

आता फोंगकाकूला ससा म्हणायचं म्हणजे जिभेला जरा त्रासच होतो. एकदा माझ्या टपरीत घोरपड शिरली, चांगली पुरुषभर लांब. गल्लीतले सगळे शूरवीर बाकावर चढले, काका सगळ्यांच्या आधी. काकूने खराटा घेतला, तिला नाल्यापर्यंत हाकलत नेलं आणि पुन्हा दिसलीस तर बघ म्हणून वर दम भरला. घोरपड पुन्हा दिसली नाही. पण काका बाकावरून उतरता उतरता मला सांगत होते, "ती सशाची जात गं. वरून कळत नाही, पण आतून भित्री. तिला असं उठून रस्त्यावर कसं न्यायचं? सगळं नीट आखूनच न्यायला हवं."

सशाचं साल येतं बारा वर्षांनी. दर वेळी काकू म्हणायची, यंदा जाऊन येऊ. एका सशाला काकांनी शेजाऱ्याची मोटरसायकल ठरवली आणि घाटात ब्रेक तापतात म्हणून सोडून दिली. पुढच्या सशाला देशाचं दिवाळं वाजलेलं, जो तो घरी बसला होता, काकाही बसले. त्याच्या पुढच्या सशाला नानलाच पूर आला. तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलंय. "बघ," ते काकूला म्हणाले, "गेलो असतो तर?" पूर आठवड्यात ओसरला, काकांना तो 'बघ' वर्षभर पुरला.

यंदा पुन्हा ससा आला. काकूला बहात्तर लागलं, गुडघे कुरकुरायला लागले. एका सकाळी ती बाकासमोर येऊन उभी राहिली, हातात पालेभाजीची जुडी, आवाज अगदी थंड.

"पुढचा ससा येईल तेव्हा मी चौऱ्याऐंशीची असेन. तेव्हा मला पोत्यात घालून न्यावं लागेल. यंदा न्यायचं तर न्या, नाहीतर नानचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही."

ती ओरडली असती तर काका घाबरले नसते. त्या दिवशी त्यांनी कॉफी अर्धी टाकली.

मला मात्र एक कोडं पडलं होतं. मुलाने घेऊन दिलेली पिकअप घरात आहे आणि ती चालवते काकूच. काका गाडी शिकलेच नाहीत. ते शेजारी बसून हाताने रस्ता दाखवतात. मग मी काकूला एकटीला गाठून विचारलं, बाई गं, तुझी गाडी, तुझा ससा, तुझे गुडघे, मग जाऊन का येत नाहीस? ती भाजी निवडत राहिली.

"एकटीने जाऊन उपयोग नाही, नुई. ते बरोबर हवेत. आणि मी धडधाकट आहे तोवरच व्हायला हवं."

का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, नवऱ्यावरचं प्रेम असेल. या वयातही माणसाला काय काय होतं.

तर आखणी सुरू झाली. काकांनी पहिली चूक केली ती म्हणजे जाणार असल्याचं चारचौघांत सांगितलं. आमच्याकडे असं सांगितलं की सांगणाऱ्याला "चला की बरोबर" म्हणावं लागतं. ऐकणाऱ्याने "नको हो, तुम्हीच या जाऊन, आम्हाला संत्री आणा" म्हणायचं आणि विषय संपवायचा, अशी रीत. काकांनी पुकाऱ्याच्या जुन्या सवयीने दुसऱ्यांदाही आग्रह केला. आता दोनदा बोलावल्यावर नाही म्हटलं तर माणसाचं मन मोडतं, आणि कुणाचं मन मोडायचं नाही हे आमच्या गावाचं जुनं दुखणं आहे. न्हावी हो म्हणाला. न्हाव्याची बायको, मेहुणी हो म्हणाल्या. शाळेचे जुने हेडमास्तर, ज्यांना झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं, तेही हो म्हणाले. नंतर ते एकेक करून माझ्याकडे आले आणि कॉफी ढवळत हळूच म्हणाले, जायची इच्छा मुळीच नाही गं, पण इन्थाला वाईट वाटेल. काकाही आले. म्हणाले, "मला तरी कुठे हवेत इतके जण? पण त्यांना एवढी हौस आहे, नाही कसं म्हणू?"

न्हाव्याच्या सोयीसाठी बुधवार धरला. बुधवारी केस कापणं अशुभ, त्यामुळे त्याचं दुकान बंद. माणसं इतकी झाली की हेडमास्तरांना मागे उघड्यावर, तांदळाच्या पोत्यावर बसवायचं ठरलं. काकू हे सगळं दारातून ऐकत होती. तिने टपरीवर येऊन एक बाटली पाणी घेतलं आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाली, "नुई, गाडी मी चालवणार आहे हे यांना ठाऊक आहे ना? घाटात मी ब्रेक लावत नाही, उगीच झिजतात."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना भाचीच्या घरची वास्तुशांत आठवली. न्हाव्याकडे बुधवारी केस कापून घेणारं गावातलं एकमेव गिऱ्हाईक उगवलं. बाकावर पुन्हा काका एकटे, आणि मनातून इतके खूश की त्यांनी मला म्हटलं, तू चल. वाटेत कुणीतरी शुद्धीवर हवं.

मग मुहूर्त. काका आमच्या विहारातल्या थोरल्या भन्त्यांकडे गेले. भन्ते म्हणाले, "दोन तासांचा रस्ता आहे, उपासक. पोटभर जेवा आणि निघा." इतका सोपा मुहूर्त काकांच्या पचनी पडेना. ते नदीपलीकडच्या विहारात गेले आणि तिथून मनासारखा अवघड मुहूर्त घेऊन आले. उगवतीकडे तोंड करायचं, उजवा पाय आधी टाकायचा, दाराला कुलूप घातल्यावर मागे वळायचं नाही. गाडी नेऊन तिच्या टपाला आतून पांढऱ्या गंधाच्या खुणा करून घेतल्या, आरशाला हार बांधला. तो इतका जाड की काकूला रस्त्याची उजवी बाजू दिसेना. मग सामान. काकूने चिकट भात, भाजलेलं डुकराचं मांस, बांबूत शिजवलेला गोड भात आणि उकडलेली अंडी बांधून घेतली. काकांनी दरडीसाठी कुदळ घेतली, उलटलेल्या ट्रकसाठी दोर घेतला आणि म्हशीसाठी काठी.

बुधवारी आम्ही तिघं तयार होऊन दारात उभे राहिलो. काकांनी निळीत रंगवलेला कडक सदरा घातला होता. कुलूप लावलं, उजवा पाय उचलला, आणि दारावरच्या दिव्यापाशी पाल चुकचुकली.

काकांनी पाय आहे तिथेच ठेवला. निघताना पाल चुकचुकली की निघायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुलूप उघडलं, भात माझ्या टपरीवर वाटून टाकला. गुरुवारी पुन्हा भात शिजला, पुन्हा कुलूप, पुन्हा पाल. त्या दिव्यापाशी पालींची वसाहत आहे, बारा महिने तेरा काळ चुकचुकत असतात. आणि काका पाऊल टाकायच्या आधी मुद्दाम कान देऊन थांबत होते. मी काकूकडे पाहिलं. ती गाडीच्या दाराला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घोरपडीला न भ्यालेली बाई. तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा खरोखर राग आला आणि मी त्यांना बिनसाखरेची कॉफी दिली.

शुक्रवारी काकूने नानचं नावही काढलं नाही. उन्हं वर आल्यावर गाडी काढली आणि सहज म्हणाली, बाजारात मासळी आणायला जातेय, टोपली धरायला चला. मला म्हणाली, नुई, तुलाही साखर हवी होती ना. बाजाराला जायला काही मुहूर्त लागत नाही, त्यामुळे काका सपाता घालून, कालचाच सदरा अंगावर, मुकाट येऊन बसले. पाल चुकचुकली की नाही, कुणाला ठाऊक. ऐकलंच नाही कुणी.

बाजाराचं वळण आलं. काकांनी हात दाखवला. गाडी सरळ गेली.

"अगं, बाजार मागे राहिला."

"नानलाही बाजार आहे," काकू म्हणाली.

काकांनी मागे वळून पाहिलं, तर कुदळ, दोर, काठी सगळं जागच्या जागी होतं, आणि माझ्या मांडीवर भाताचं फडकं. म्हणजे मीही सामील होते हे त्यांना कळलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. रोंग क्वांग गाव मागे पडलं, घाट लागला. काका दोन्ही हातांनी वरची कडी धरून प्रत्येक वळणाची माहिती द्यायला लागले. इथे सिमेंटचा ट्रक. इथे दोन बस समोरासमोर. इथे लग्नाची गाडी, नवरदेव वाचला पण लग्न मोडलं. वळणं येत होती आणि जात होती, काही होत नव्हतं. काकू ब्रेकही व्यवस्थित लावत होती. एका ठिकाणी खाली शेतात एक म्हैस उभी होती.

"इथेच ती म्हैस," काका हळूच म्हणाले.

म्हशीने मान वर करूनही पाहिलं नाही. घाट उतरेपर्यंत काकांचा एक हात कडीवरून खाली आला होता, आणि साग संपून मक्याची शेतं लागली तेव्हा दुसराही. मग ते नुसते बाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "चांगला आहे की रस्ता." मला भरून आलं. ज्या गावाचं नाव या माणसाने गळा सुजेपर्यंत ओरडलं, ते गाव त्याने पाहिलंच नव्हतं. नानच्या बसस्टँडपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. आत एक तरुण "फ्रे, फ्रे, फ्रे" असं पुकारत होता. काकांनी काच खाली करून नीट ऐकलं. "आवाजात दम नाही," ते म्हणाले, आणि त्यांची छाती सबंध दिवस फुगलेली राहिली.

चेहेंगचा स्तूप गावाबाहेर टेकाडावर आहे. सोन्यासारखा पिवळा, उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं. आम्ही फुलं, उदबत्त्या घेतल्या. काकूने एक मातीचा छोटा ससाही घेतला. गुडघे दुखत असताना ती तीन प्रदक्षिणा चालली, काका तिच्या कोपराला धरून. मग ती खाली बसली, ससा समोर ठेवला, तीनदा डोकं टेकवलं. काकाही शेजारी बसले. हात जोडून मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली, आणि चांगली स्पष्ट म्हणाली, शेजारच्याला ऐकू जावं म्हणूनच:

"सशा, माफी मागायला आलेय. पन्नास वर्षं तुझ्या नावावर संसार केला. मी तुझी नाही. मी वाघाची आहे."

काकांनी डोळे उघडले.

मग तिने सगळं सांगितलं, त्यांच्याकडे न बघता, सशाकडे बघत. आमच्याकडे सालाचं जनावर बदलतं ते उन्हाळ्यातल्या पाण्याच्या सणाला. ती जन्मली त्याच्या आधी, थंडीत, वाघ अजून जायचा होता. पण तिचा बाप जन्म नोंदवायला गेला तो भातलावणीला तालुक्याला जाणं झालं तेव्हा, आणि कारकुनाने तेव्हाचीच, सशाच्या सालातली, तारीख घातली. स्थळ आलं, मुलाची आई वाघीण नको म्हणून अडून बसली, तेव्हा तिच्या आईने तोच दाखला पुढे केला आणि मुलीला सांगितलं, आजपासून तू ससा. पोरीला मुलगा आवडला होता. बसस्टँडवर ओरडताना पाहिला होता तिने.

"तुमच्यासमोर माफी मागायची होती," ती म्हणाली. "फसवलं ते तुम्हालाही. म्हणून एकटीने येऊन उपयोग नव्हता."

मी उदबत्तीच्या राखेकडे बघत बसले. दुसरीकडे कुठे बघणार? काकांनी एकच विचारलं, आपल्या आईला हे कधी कळलं होतं का?

"पहिल्याच महिन्यात," काकू म्हणाली. "मरणाच्या दारात मला म्हणाल्या, ससे अशी भांडी आपटत नाहीत. पण त्याला सांगू नकोस, तो घाबरेल."

काकांनी तो मातीचा ससा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा होता तिथे नीट ठेवला. मग त्यांनीही त्याला डोकं टेकवलं. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ म्हणत होते. उठताना त्यांनी काकूला हात दिला, आणि ती उभी राहिल्यावरही तो सोडला नाही.

पायऱ्या उतरून गाडीपाशी आलो. छपराखाली उभ्या गाडीचं दार आम्ही बसायला उघडलं, तेवढ्यात वर पाल चुकचुकली. मी ऐकली. काकूने ऐकली. दोघी काकांकडे बघत राहिलो. काका आत बसले आणि दार लावून घेतलं.

"नानची पाल आहे," ते म्हणाले. "तिला आपलं काय ठाऊक?"

काकूने आरशावरचा हार काढून माझ्या मांडीवर टाकला. काका समोर बघत होते. कधी नव्हे ते त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, रस्ता दाखवायला एकही वर उचललेला नव्हता.

"मग तुझा स्तूप चोहेचा," ते म्हणाले. "माझाच. तिथे जायला हवं तुला." मला वाटलं, आता मुहूर्त, आता कुदळ. पण इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "कधी निघायचं, फोंग? तू सांग."

"घरी जाता जाताच जाऊ," काकू म्हणाली, आणि तिने गाडी चालू केली.